शिक्कामोर्तब : कागदाचे आणि संगणकाचे

श्रोतेहो, एखादी गोष्ट कायमची ठरली म्हणजे तिच्यावर 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण म्हणतो. लग्नाची बोलणी असोत, ग्रामपंचायतीचा ठराव असो की उसाचा दर असो, हा शब्द सहज तोंडी येतो. वस्तुतः त्यात दोन शब्द आहेत आणि त्या दोहोंची कामे निरनिराळी आहेत. शिक्का सामान्यतः कागदाच्या माथ्यावर उठे, मोर्तब शेवटी. शिक्का सांगे की हा कागद अमक्याचा आहे. मोर्तब सांगे की मजकूर येथे संपला, यापुढे जे काही लिहिलेले आढळेल ते आमचे नव्हे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा असते, पेशव्यांच्या पत्रांवर 'लेखनसीमा' असते, ती याच कामासाठी.

आज संगणकातही असेच शिक्कामोर्तब चालते. आपल्या सातबाऱ्यावर, बँकेच्या व्यवहारावर आणि न्यायालयात दाखल होणाऱ्या पुराव्यावर ते होत असते. त्या शिक्कामोर्तबाचे गणित जितके महत्त्वाचे, तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते वापरणाऱ्याच्या हाती कोणत्या रूपाने दिले जाते ही होय. त्या रूपाचा इतिहास आज आपल्याला पाहावयाचा आहे.

प्रथम जुन्या कागदाकडे वळू. लांब पत्र लिहावयाचे तर कागदाचे एकेक बंद खाली खाली डकवीत जात. अशा कागदाला तीन ठिकाणी धोका असतो. कोणी दुसऱ्याच्या नावाने कागदच नवा तयार करील; कोणी मधला एखादा बंद काढून तेथे दुसरा डकवील; किंवा शेवटच्या ओळीखाली कोणी आपल्या सोयीच्या चार ओळी वाढवील. पहिल्या धोक्यासाठी माथ्यावर शिक्का होता, दुसऱ्यासाठी दोन बंदांच्या सांध्यावर मागील बाजूने उठविलेला शिक्का होता, आणि तिसऱ्यासाठी मोर्तब होते. आरंभ, सांधा आणि शेवट अशा तीन जागा आमच्या चिटणिसांनी राखल्या होत्या. या तीन जागा आपण ध्यानात ठेवू. पुढे त्या पुन्हा भेटणार आहेत.

परंतु या पद्धतीत एक उणीव होती. शिक्का धन्याचा असतो, मजकुराचा नसतो. दहा रुपयांच्या कागदावर जो शिक्का, तोच दहा गावांच्या सनदेवर. म्हणून शिक्का चोरीस गेला किंवा त्याची नक्कल झाली की सारेच संशयात पडते. हे किती महाग पडते ते आपल्या जुन्या सातारा मुलखाने अनुभवले आहे. सप्टेंबर १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि पुरावा म्हणून कागद पुढे केले गेले. ते कागद बनावट आहेत, असे महाराजांच्या बाजूचे म्हणणे होते. रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून हेच गाऱ्हाणे मांडीत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीस वारले आणि १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले. कागद खरे की खोटे हे उभयपक्षी मान्य होईल अशा रीतीने तपासण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते. ज्याच्या हाती सत्ता, त्याचाच निवाडा चालला.

अशा वेळी मनात येते की, मजकुरातूनच उत्पन्न होणारा एखादा शिक्का असता तर? एक काना बदलला तरी जो शिक्का पार बदलून जाईल, आणि जो कोणालाही, कोणत्याही गावी बसून पुन्हा काढून ताडून पाहता येईल, असा शिक्का संगणकाच्या युगात प्रत्यक्षात आला. त्याला इंग्रजीत 'हॅश' म्हणतात. आपण त्याला मजकुराचा अर्क म्हणू. मोगऱ्याची टोपलीभर फुले असोत वा गाडीभर, अत्तराची कुपी एकाच मापाची निघावी, तसा हा अर्क असतो. शा-२५६ नावाच्या रीतीने एका ओळीचा अर्क काढा किंवा अख्ख्या ज्ञानकोशाचा काढा, तो ६४ चिन्हांचाच निघतो. अर्कावरून मूळ मजकूर परत मिळत नाही, आणि एकच अर्क देणारे दोन निरनिराळे मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असावे, अशी अपेक्षा असते. संभाव्य अर्कांची संख्या लिहावयास ७८ आकडे लागतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी संगणकावरील सहीची कल्पना मांडली. मजकूर लांबलचक असल्यामुळे सही त्याच्या अर्कावर करावी, हा मार्ग लौकरच रूढ झाला. १९८९ मध्ये राल्फ मर्कल आणि इव्हान डॅमगार्ड यांनी, मोठ्या मजकुराचे सारखे तुकडे पाडून ते एकामागून एक कसे गाळावेत, याची रीत स्वतंत्रपणे सिद्ध केली. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी एमडी-५ ही रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्याबरोबर ती वापरावयाची संगणकीय लिपीही छापली.

त्या लिपीत रिव्हेस्ट यांनी वापरणाऱ्यासाठी तीनच आज्ञा ठेवल्या होत्या. 'इनिट' म्हणजे आरंभ कर; 'अपडेट' म्हणजे हा मजकूर त्यात घाल; 'फायनल' म्हणजे संपव आणि अर्क हाती दे. मधली आज्ञा हवी तितक्या वेळा द्यावी. मोठा मजकूर एकदम पोटात घेण्याइतकी स्मृती सर्वच यंत्रांना नसे, म्हणून ही तुकड्यातुकड्याने देण्याची सोय. शेवटच्या आज्ञेत मजकुराची लांबी आपोआप जोडली जाई आणि कामाची पाटी पुसून कोरी केली जाई. आरंभ, सांधा आणि शेवट! चिटणिसाच्या तीन जागा येथे जशाच्या तशा आल्या. कोणी कोणाचे पाहून केले असे नव्हे. प्रश्न एकच असला की उत्तराचा आकारही जुळतो.

अशा आज्ञांच्या संचाला संगणकवाले 'इंटरफेस' म्हणतात. आपण त्याला कचेरीची खिडकी म्हणू. खिडकीबाहेरच्या माणसाला आतले दप्तर दिसत नाही. कोणता कागद द्यावयाचा, कोणत्या क्रमाने द्यावयाचा आणि काय परत मिळणार, एवढेच त्याला कळते. खिडकी नीट असेल तर साधा माणूसही चुकत नाही. ती संदिग्ध असेल तर शहाणाही फसतो, आणि आतला कारकून कितीही हुशार असला तरी त्याचा उपयोग होत नाही. रिव्हेस्ट यांची तीन आज्ञांची खिडकी इतकी सुटसुटीत होती की जगभर तिचेच अनुकरण झाले. परंतु ती काही गोष्टींविषयी मुकी होती. त्या मौनाची किंमत पुढील तीस वर्षांत द्यावी लागली.

पहिले मौन सांध्याचे. मजकूर तुकड्यांनी दिला तरी अर्क सलग मजकुराचाच निघतो, तुकडे कोठे पडले हे त्यात उरत नाही. मोठ्या फायलीला हे ठीक आहे. पण समजा, जमिनीचा गट नंबर आणि हिस्सा नंबर एकापुढे एक घातले. गट १२, हिस्सा ३ यांचे झाले १२३. आणि गट १, हिस्सा २३ यांचेही झाले १२३! दोन वेगळ्या जमिनी, दोन वेगळे मालक आणि अर्क एकच. गणितात दोष नाही; सांध्यावर शिक्का मारावयास कोणी सांगितले नव्हते, एवढेच. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहावी, म्हणजे हा घोटाळा होत नाही. पण हे खिडकीने स्वतः करावयास हवे. प्रत्येक वापरणाऱ्याच्या आठवणीवर ते सोपवून चालत नाही.

दुसरे मौन शेवटाचे, आणि ते अधिक घातक होते. एमडी-५ आणि तिच्या घराण्यातील रीतींत 'फायनल' जो अर्क देते, तो म्हणजे गाळपाची त्या क्षणाची संपूर्ण स्थितीच असते. म्हणून अर्क आणि मजकुराची लांबी ज्याला ठाऊक आहे, तो परका माणूस तेथूनच पुढे गाळप चालू करू शकतो. लेखनसीमेच्या खाली चार ओळी लिहून त्यांनाही खरे मोर्तब मिळवावे, तसा हा प्रकार. नुसत्या अर्कात याने बिघडत नाही. परंतु पुष्कळांनी असे केले की, एक गुप्त शब्द आधी घालावयाचा, त्यापुढे मजकूर घालावयाचा आणि निघेल तो अर्क सहीसारखा वापरावयाचा. सप्टेंबर २००९ मध्ये थाई डुओंग आणि हुलियानो रित्सो या दोघांनी दाखविले की, फ्लिकर या छायाचित्रांच्या प्रसिद्ध संकेतस्थळाची सही याच रीतीने बनत होती. गुप्त शब्द ठाऊक नसताना मजकूर वाढवून खरी ठरणारी सही तिला मिळविता येत होती. शिवाय तेथे मजकुराचे तुकडेही सांध्याच्या खुणेवाचून जोडलेले होते. दोन्ही मौने एकाच ठिकाणी भोवली.

विशेष हे की, उपाय तेरा वर्षे आधीच सापडलेला होता. १९९६ मध्ये मिहिर बेलारे, रान कॅनेटी आणि ह्युगो क्राव्चिक यांनी गुप्त शब्दासह दोनदा अर्क काढण्याची 'एचमॅक' ही रीत मांडली होती. मग लोकांनी ती का वापरली नाही? कारण पुष्कळांच्या हाताशी जी खिडकी होती, तिच्यावर 'आरंभ, घाल, संपव' एवढेच लिहिलेले होते. जे हाताशी असते तेच माणूस वापरतो. गुप्त शब्द घालून सही करणे ही वेगळी गरज आहे, तिला वेगळी खिडकी हवी, हा धडा यातून मिळाला.

तिसरे मौन अक्षरांचे आहे, आणि त्याचा आपणा मराठी माणसांशी निकटचा संबंध आहे. अर्क काढणाऱ्या यंत्राला अक्षर कळत नाही. त्याला केवळ बाइट, म्हणजे आकड्यांची रांग, कळते. आपल्या कडेगावचेच नाव घ्या. क, ड, मात्रा, ग, काना आणि व ही सहा चिन्हे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येकाचे तीन, म्हणजे एकूण १८ बाइट होतात. आता जुन्या दप्तरात हेच नाव अनुस्वार देऊन 'कडेगांव' असे लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. आपल्या लेखी गाव तेच. अर्काच्या लेखी ही दोन गावे. हा फरक निदान डोळ्यांना दिसतो तरी. पण 'शेतकऱ्याचा' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र चिन्ह घालता येते, साध्या र खाली नुक्ता जोडता येतो, आणि र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्हही घालता येते. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. तिन्हींचे अर्क मात्र पार निराळे. उद्या दोन कचेऱ्यांनी एकाच शेतकऱ्याच्या नोंदीचे अर्क ताडून पाहिले आणि ते जुळले नाहीत, तर तो बिचारा खोटा ठरावयाचा की काय? यासाठी मजकूर आत घेण्यापूर्वी तो एका ठराविक लेखनात आणावा, आणि कोणत्या लेखनात आणला हे खिडकीवर स्पष्ट लिहावे लागते. युनिकोडच्या नियमांनी पहिली दोन रूपे एक करता येतात. तिसऱ्याची मात्र वेगळी सोय करावी लागते. इंग्रजी मजकुराच्या सवयीत घडलेल्या खिडक्यांना ही अडचण फारशी जाणवली नाही. ती आपली अडचण आहे, तेव्हा ती सांगावयासही आपणच हवे.

आता चौथी गोष्ट, नावाची. ऑगस्ट २००४ मध्ये चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ चा एकच अर्क देणारे दोन वेगळे मजकूर जगापुढे ठेवले. रीत मोडली. तरीही ती जागोजाग वापरात राहिली, आणि डिसेंबर २००८ मध्ये काही संशोधकांनी याच दोषाच्या आधारे, सर्व ब्राउझर खरे मानतील असे बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखविले. शा-१ ही दुसरी रीत फेब्रुवारी २०१७ मध्ये तशीच मोडली. मोडलेले कुलूप लगेच का बदलत नाहीत? पुष्कळदा याचे कारण असे की कुलूप दारातच ओतलेले असते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' ही प्रणाली रचली. जगातील कितीतरी संगणकीय लिपी आज तिच्यात नोंदल्या जातात. तिच्यात अर्क म्हणजे शा-१ आणि त्याची लांबी म्हणजे २० बाइट, हे ठिकठिकाणी लिहिले गेले होते. ते एकेक जागेवरून काढून शा-२५६ ची सोय करण्यास ऑक्टोबर २०२० उजाडले, आणि तीही प्रथम प्रायोगिक म्हणून.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या देशातले आहे, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तिसऱ्या कलमात अर्काची व्याख्या आहे. त्या व्याख्येत कोणत्याही रीतीचे नाव नाही. त्याच मजकुराचा अर्क दर वेळी तोच यावा, अर्कावरून मजकूर काढता येऊ नये, दोन मजकुरांचा अर्क एक होऊ नये, असे केवळ गुण सांगितले आहेत. एमडी-५ आणि शा-१ ही नावे आली ती कायद्याखालील नियमांत. म्हणून त्या रीती मोडल्यावर व्याख्येला हात लावावा लागला नाही. नियमांत शा-२ या घराण्याचे नाव घालून काम भागले. खिडकीवर गुण लिहावेत, कारकुनाचे नाव लिहू नये, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत इतके नेमके क्वचितच उतरलेले दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यात अर्क लिहावयाचा असतो आणि शा-१, शा-२५६, एमडी-५ किंवा अन्य, यांपैकी रीत निवडावयाची असते. रीतीचे नाव अर्काशेजारी लिहावयास लावले हे योग्यच झाले. मात्र मोडलेल्या दोन रीतीही चांगल्या रीतीच्या बरोबरीने मांडल्या आहेत, तेव्हा निवडीचा भार लिहिणाऱ्यावर पडतो. अशा वेळी शा-२५६ निवडावी, हे प्रत्येक वकिलाने व पोलीस अंमलदाराने जाणून असावे.

या साऱ्या अनुभवातून शहाणे होऊन अमेरिकेच्या मानक संस्थेने नोव्हेंबर २००७ मध्ये नव्या रीतीसाठी जगभर स्पर्धा जाहीर केली. ६४ प्रवेशिका आल्या. त्यांतील ५१ पहिल्या फेरीत घेण्यात आल्या. संस्थेने अट घातली की, आत कोणतेही गणित असो, बाहेरची खिडकी सर्वांची एकच असली पाहिजे: आरंभ, घाल, संपव, आणि चौथी एकदम सारे करणारी आज्ञा. त्यामुळे सर्व स्पर्धकांना एकाच मापाने मोजता आले. २ ऑक्टोबर २०१२ रोजी केचॅक ही रीत विजयी ठरली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये ती शा-३ या नावाने मानक झाली. तिच्या गाळपाची स्थिती १६०० बिटांची असते, आणि तिचा काही भाग कधीच बाहेर दाखविला जात नाही. त्यामुळे परक्याला मोर्तबाखाली ओळी वाढविता येत नाहीत. पूर्वी जी काळजी वापरणाऱ्याने घ्यावयाची होती, ती आता रीतीच्या पोटातच घातली गेली.

तरीही गोष्ट येथे संपली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निकी मौहा या संशोधकाने केचॅकच्या खुद्द कर्त्यांच्या संगणकीय लिपीत एक दोष उघडकीस आणला. ही लिपी पायथन आणि पीएचपी यांसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषांतही गेलेली होती. आधी एक छोटा तुकडा आणि मग सुमारे चार अब्ज बाइटांचा प्रचंड तुकडा दिला, तर मोजणी चुके आणि यंत्राची स्मृती भलतीकडेच लिहिली जाई. गणित निर्दोष होते. दोष होता तो 'घाल' या आज्ञेच्या अंमलात, म्हणजे सांध्यावर! अकरा वर्षे तो कोणाला दिसला नव्हता. सांध्यावर वेगळा शिक्का मारणाऱ्या चिटणिसाची दूरदृष्टी येथे पटते.

श्रोतेहो, हे सारे तज्ज्ञांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून भागणार नाही. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्या सहीच्या मुळाशी उताऱ्याचा अर्कच असतो. प्रतापसिंह महाराजांच्या वेळी कागद खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार सत्तेकडे होता. आज तीच परीक्षा अल्पभूधारक शेतकऱ्याला बँकेच्या दारात स्वतः घेता येते. हा बदल थोडा नाही. परंतु अर्क एवढेच सांगतो की सही झाल्यापासून कागद बदललेला नाही. मूळ नोंदच चुकीची असेल तर ती चूकही तितक्याच इमानाने तो जपून ठेवतो. ती दुरुस्त करण्यास माणूसच लागतो, फेरफार लागतो, अपील लागते.

म्हणून नवी खिडकी बांधणाऱ्या आपल्या तरुणांनी जुन्या चिटणिसाचे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. आरंभी हा कागद कोणत्या कामाचा ते नमूद आहे काय? सांध्यावर खूण आहे काय? शेवट खरोखरच शेवट आहे काय? त्यात आपल्या काळाचे दोन घालावेत. अक्षरे कोणत्या लेखनात घेतली ते ठरले आहे काय, आणि रीत मोडल्यास ती बदलण्यास जागा ठेवली आहे काय? आणि ही सारी काळजी खिडकीनेच घ्यावी. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यासाठी गणिती व्हावे लागू नये. आज कोठे पुण्या-मुंबईत, कोठे आपल्या सांगली-कऱ्हाडात बसून मराठी मुले अशा खिडक्या बांधीत आहेत. त्यांच्या बांधणीवर या तालुक्यातील किती घरांच्या जमिनींचे कागद विसंबून राहतील, हे त्यांनी विसरू नये, एवढेच सांगणे आहे.